गोठ्यातली शेगडी

१ डिसेंबर, सोमवार

घरात सगळ्यांची तब्येत कशी आहे? मीच विचारते, मीच सांगते. शाळा मी फक्त बाहेरून बघितली. लिहायला शिकले ती लोकांची पत्रं वाचून. त्यामुळे तब्येत विचारल्याशिवाय पेन पुढे सरकतच नाही!

नामाची — माझा मुलगा. बीपीची गोळी घेतो आणि त्यावर बकऱ्याची वजडी खातो. बोलले की म्हणतो, "गोळी घेतली ना आये, मंग?" जसं काय गोळी म्हणजे वजडीचं लायसन! मार्गशीर्ष आहे म्हटलं तर म्हणे तो बायांचा.

दिपालीची — सूनबाईची कंबर धरलीये. घरात धुण्याला एक, भांड्याला एक, लादीला एक. आणि ही पैसे भरून जिममध्ये वजनं उचलते. म्हटलं, फुकटात तांदळाची गोण उचल की गो. हसली. कळ आली.

सईदाची — समोरच्या गल्लीतली माझी मैतरीण. गुडघे गेले. त्यांचे कापड विणायचे अर्धे लूम बंद पडल्यापासून तिला झोप नाही. सगळ्या जगाला आवाजानं जाग येते, हिला आवाज थांबला की येते.

माझी — एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा पिकतोय. काढलेल्या डोळ्यानं कापड बघते, पिकणाऱ्यानं घरातलं. घरातलं जरा धूसरच बरं.

मृणूची — विचारायची नाही. मृणाली माझी नात. फेब्रुवारीत तिनं वसईच्या ऑल्विनशी कोर्टात लग्न केलं. ख्रिश्चन. नामा चार माणसांत बोलून बसला — "माझ्या दारात तिचा पाय लागायचा न्हाय!" तेव्हापासून या घरात कुत्र्याचीसुद्धा तब्येत विचारतात, तिची नाही.

पण मला माहीत आहे. दिपाली बाथरूममध्ये नळ सोडून तिच्याशी फोनवर बोलते. महिन्याला दोन टाक्या पाणी जास्त जातं. मृणूला सातवा लागला.

२ डिसेंबर

नामाच्या एका गोडाऊनमध्ये ऑनलाइनवाल्यांचा माल असतो. आता सगळा नाताळचा — टोप्या, चांदण्या, प्लास्टिकची झाडं. आमच्या भाताच्या खाचरातून आता सांताच्या दाढ्या निघतात! पीक चांगलं आहे. पाऊस लागत नाही.

त्यातला एक फुटका खोका भाडेकरूनं दिला, तो नामानं माझ्यापुढे टाकला. "आये, तुजा टाइमपास." आत भरतकाम. क्रॉस स्टिच! दोसुती कापड, लड्या, बोथट सुई आणि चौकटींचा कागद. मी तर हरखलेच. आयुष्यभर मी राजहंस नि राघू-मैना भरल्या. या वेळी चित्र निराळं — गाईचा गोठा, गवत, त्यात मांडीवर बाळ घेतलेली बाई. बाजूला नवरा. तीन पाहुणे भेटी घेऊन आलेले. वर चांदणी.

नवरा हात जोडून गप्प उभा आहे. चित्रकाराला संसाराचं ज्ञान आहे.

बघितल्या बघितल्या ठरवलं. हे मृणूला. नाताळाच्या आधी वसईला.

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षाचा गुरुवार. दिपालीनं घट मांडला. त्याच्या शेजारी परवा आणलेलं नाताळाचं झाड — तिच्याहून उंच! प्लग एकच. त्यामुळे लक्ष्मीची माळ आणि झाडाची माळ एकाच बटणावर. आरती झाली की दोन्ही धर्म एकदम बंद.

दिपालीनं फोटो काढून मोबाइलवर स्टेटसला टाकला. नामा कौतुकानं म्हणतो, "आपन सगलं मानतो बाबा! आपल्यात भेदभाव न्हाय."

मी कापसाची वात वळत होते. वळतच राहिले.

झाड चालतं. चांदणी चालते. केक तर धावतो. जावई तेवढा चालत नाही.

६ डिसेंबर

घरात सांगितलं की हे शेजारच्या टॉवरच्या नाताळ-स्पर्धेसाठी आहे. सगळ्यांना पटलं. खोटं बोलायचं तर त्यात बक्षीस असावं, लोक लगेच विश्वास ठेवतात.

दुपारी ओटीवर बसून सुरुवात केली. फुलीला दोन तंगड्या. खालची आधी, वरची मग. वरची तंगडी सगळ्यांची एकाच बाजूला झुकली पाहिजे. माझी उजवीकडे झुकते. एक जरी उलट पडली की उजेडात कापड चुगली करतं.

खाली बोटभर पट्टी कोरी सोडली. नाव टाकायला. कुणाचं ते स्पर्धावाल्यांना कशाला?

सईदा चहाला आली. चित्र बघून म्हणाली, "ही तर मरियमबीबी! आमच्यात बी हायत गो त्या. पन आमच्यात त्या खजुराच्या झाडाखाली होत्या. झाड कुठंय?"

म्हटलं, कंपनी विसरली.

"मग मी करतंय झाड. मानसं तू कर, आमच्यात मानसं काढत न्हाय." तिनं सुई ओवली. माझ्यापेक्षा चांगली ओवते, दोन्ही डोळे पिकलेले असून! टाका माझ्यासारखाच, उजवीकडे झुकलेला. खजूर करता करता त्याचा ताड झाला. आमच्याकडे ताडच बघितलेत दोघींनी. असू दे. सावली पडल्याशी मतलब.

९ डिसेंबर

आज हिंमत केली. नामा जेवायला बसला. पोटात अन्न पडलं की माणूस मऊ होतो, असं बाया म्हणतात. बायांनी हे नामावर करून बघितलेलं नाही.

म्हटलं, "नामा, पहिलं बालंतपण माहेरी असतंय र."

"कोनाचं?"

"गाईचं!" मला राग आला. "कोनाचं म्हनं!"

दिपालीचा हात भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. नामानं टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाला, "वर फरशीचं काम चालू हाय. जागा न्हाय."

तीन मजली बंगला. सात गोडाऊन. फरशीवाला दिवाळीतच पैसे घेऊन गेला.

१० डिसेंबर

दिपालीनं आज नळ सोडला आणि फोन न लावताच रडली. मला फरक कळतो. बोलताना ती मध्ये मध्ये नळ बारीक करते.

१२ डिसेंबर

गवत भरतेय. पिवळ्या रंगाच्या तीन जाती दिल्यात, मोतीबिंदूला तिन्ही एकच. अंदाजानं मारते. गवत आहे, सोनं नाही.

पण एक गोष्ट खुपतेय. डिसेंबरचा महिना, बाई ओली बाळंतीण, आणि उघड्या गोठ्यात! कानाला फडकं नाही. खाटेखाली शेगडी नाही. पाहुणे आले तेही कसे — तीन बाप्ये. एकानं सोनं आणलंय, बाकीच्यांनी वासाचं काहीबाही. म्हणजे धूपदाणी नि अत्तर! बाळंतिणीला! एक बाई जरी त्यात असती तर डिंकाचे लाडू आले असते.

तर मी दुरुस्ती केली. तिच्या कानाला पांढरं फडकं बांधलं — पांढरा दोरा सईदाच्या लूमचा. पायाशी शेगडी ठेवली, आत तांबडे निखारे. मधल्या पाहुण्याच्या पेटीला कडी काढली, तिचा डबा झाला. आता त्यात लाडू आहेत. कुणी विचारलं तर सांगेन.

सईदा बघून म्हणाली, "ओवा बी टाक निखाऱ्यावर. धुरी हवी बाळाला." दोन टाके राखाडी धूर काढला.

देवाचं चित्र आहे, मनात भीती वाटली. मग म्हटलं, बाळंतिणीला शेक दिला म्हणून कुठलाही देव रागावणार नाही. रागावला तर त्याच्या आईला सांगेन.

१४ डिसेंबर, रविवार

शेजारच्या टॉवरचा नाताळ. टॉवर आमच्याच जमिनीवर, त्यामुळे प्रमुख पाहुणा नामा! ज्या खाचरात मी गुडघाभर चिखलात लावणी केली, तिथे आता क्लब हाऊस आहे आणि मला आत जायला वहीत सही करावी लागते.

नामाच्या गळ्यात सोन्याचा गोफ, डोक्यावर सांताची लाल टोपी. केक कापायला सुरी दिली तर त्यानं डाव्या हातात धरली. मेघाली मॅडम — ही तिथली सांस्कृतिक कमिटी, सगळी एकटीच — लाडिकपणे म्हणाली, "सर, उजव्या हातानं ना, शुभ असतं!" नामा म्हणाला, "मॅडम, माजा उजवा फकस्त आंगठीसाठी हाय." सगळे हसले. जन्माचा डावखुरा, काय करणार? करारावर सह्यासुद्धा डाव्यानंच. पैसे मात्र दोन्ही हातांनी.

मग पोरांचं नाटुकलं. तेच, माझ्या चित्रातलं! ते नवरा-बायको दारोदार जागा मागतात. बायकोच्या पोटाला उशी बांधलेली. पहिला दारवाला म्हणाला, "जागा नाही." दुसरा म्हणाला, "जागा नाही." तिसरा कुणी यूपीवाल्याचा पोरगा, त्यानं संवाद विसरून मनाचंच ठोकलं — "फुल है भाई, आगे जाओ! गोडाऊन में देखो!"

काय हशा पिकला! लोक खुर्च्यांवर लोळले.

मी नामाकडे बघत होते. तो हसायला लागला होता. तोंड उघडलेलं, दात दिसत होते, पण हसू पुढे आलंच नाही. टाळ्या सगळ्यांच्या थांबल्यावर त्याच्या सुरू झाल्या.

दिपालीनं डोळे पुसले. शेजारणीनं विचारलं तर म्हणे, केकात लवंग होती.

१५ डिसेंबर

नामा जेवला नाही. सुकट होती, तरी!

१७ डिसेंबर

चोर आहे घरात!

सईदाकडून चहा पिऊन आले, कापड उचललं, उजेडात धरलं. गवतात एक कोपरा भरलेला. मी भरला नव्हता. आणि कसा — वरची तंगडी सगळी डावीकडे! माझं गवत इकडे वाकलंय, ते तिकडे. जसं काय एकाच गोठ्यात दोन वारे सुटलेत. टाकेसुद्धा कसे, एक ओढलेला, एक सैल. मागच्या बाजूला दोऱ्याची अशी गाठ, जशी गोणीचं तोंड बांधावं!

चष्मा पुसून सगळं उसवलं. एवढा जीव तोडून काम करावं आणि कुणी येऊन त्यात पाय घालावा!

१८ डिसेंबर

दिपालीला विचारलं. "आई, मला बटन लावता येत न्हाय, मी कवा भरतकाम करू?" हे खरं आहे. तिच्या ब्लाउजला पिना आहेत.

सईदाला विचारलं. ती अशी रागावली की बिस्किट खाली ठेवलं! "अल्ला की कसम आक्का, माझा टाका असा हाय? ही गाठ बघ. ही बाईमानसाची गाठ न्हाय."

मग कुणाची? भांडीवालीची नसेल, ती शिवणापेक्षा भांडी बरी म्हणते. म्हटलं जाऊ दे. उसवलं, विषय संपला.

१९ डिसेंबर

परत! आता गाईच्या पोटावर. पुन्हा डावीकडे. पण या वेळी टाके बरे आहेत. चोर शिकतोय.

उसवणार होते. परवा स्पर्धा, हात दुखतो. आणि लांबून बघितलं तर उलट्या टाक्यांमुळे गाईचं पोट जरा फुगल्यासारखं दिसतंय. जशी तीसुद्धा गाभण. राहू दिलं.

२१ डिसेंबर, रविवार

स्पर्धा झाली. कापड फळीवर ताणलं, खालची कोरी पट्टी मागे दुमडली.

मेघाली मॅडम माझ्या चित्रापुढे आली, चष्मा वर केला. "आजी, कन्सेप्ट छान आहे. पण शेगडी ऑथेंटिक नाही वाटत. आणि हे झाड?"

म्हटलं, "झाड सईदाचं हाय. आनि शेगडीचं म्हनशील तर बाय, तुजी बालंतपनं एसीत झाली असतील."

पहिलं बक्षीस कापसाच्या बर्फाच्या माणसाला! भिवंडीत! जिथे कडाक्याची थंडी म्हणजे पंखा दोनवर. मला उत्तेजनार्थ प्लास्टिकचा डबा मिळाला. लाडवांना होईल.

नामा आला होता, तीच लाल टोपी घालून. कमिटीशी हात मिळवून झाले, फोटो झाले. मग माझ्या चित्रापुढे उभा राहिला. इतका वेळ उभा की मला वाटलं, बीपी वाढलं.

"ह्यो दादला?"

"व्हय. त्यो दादला."

"हे तीन पावने."

"व्हय."

मग हळूच — "पोरीचा बापूस कुठं हाय?"

मी म्हटलं, "आला न्हवता, र."

त्यानं गाईकडे बघितलं. "शिंगं बारकी झाल्यात," म्हणाला आणि टोपी खिशात कोंबून निघून गेला.

२२ डिसेंबर

नामा घरीच. खोकला म्हणे. खोकताना मात्र कुणी ऐकला नाही. गोडाऊनवरून फोनावर फोन, तो उचलत नाही. "आये, तू जा सईदाकडं, मी पडतो जरा."

मला काय, मी गेले. कामच होतं. सईदाचा पोरगा यूनुस दर बुधवारी वसईच्या दुकानांना कापड देतो. त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, घर मला म्हाईत हाय. मागं एकदा मृणालीला बघितलं, वाडीत फुलं तोडत व्हती. तिची सासू बोलली, पानी पिऊन जा बाबा. आपल्यासारकीच बोलतात गो ती मानसं! फकस्त आपल्याहून गोड."

सासू तिला मोगऱ्याच्या वाफ्यात वाकू देत नाही म्हणे. फक्त उंच झाडाची फुलं. शहाणी बाई आहे. तिला शेगडीचं कळेल.

विहीणबाईंसाठी काय द्यावं? डिंकाचे लाडू केले. बक्षिसाच्या डब्यात भरले.

२३ डिसेंबर

खोकला अजून आहे. दिपाली काढा घेऊन गेली तर नामानं दार उघडेना. "झोपलोय," आतून म्हणाला. झोपलेला माणूस इतक्या चटकन कसा बोलतो?

माझी तांबडी लडी सापडत नाही. निखाऱ्यांची. सईदाच्या घरी राहिली असेल.

कापड मात्र आहे जागेवर, फळीवरून काढून गुंडाळून ठेवलेलं. मीच गुंडाळलं होतं का? आठवत नाही. उद्या सकाळी इस्त्री करून द्यायचं. पट्टीवर मृणूचं नाव टाकायचं राहिलं. आता वेळ नाही, तिला कळेल कुणाच्या हातचं आहे.

नामाला शेवटचं विचारावं का? नको. परत फरशीचं काम निघायचं.

२४ डिसेंबर, बुधवार

इस्त्रीला कापड उलगडलं. खालची पट्टी कोरी नाही.

तांबड्या दोऱ्यात एक ओळ आहे. अक्षरं वाकडी, मागे गोणीच्या गाठी. वरची तंगडी एकूण एक डावीकडे.

गवताचं मी उसवलं ते, देवा!

हे उसवत नाही. यूनुस बाहेर हॉर्न वाजवतोय. वाजवू दे. जशीच्या तशी इथे उतरवून घेते, मग देते —

"मृणू, जागा हाय. लवकर ये."